उघडी बंदूक

"ह्या काय गो गुंडाळलंस?" बाबांनी विचारलं.

ओसरीच्या कडेला बसून मी आईच्या जुन्या लुगड्यात बंदूक गुंडाळत होते. बाबांना दिसत नव्हतं. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले त्याला तीन वर्षं झाली होती. पण कापडाचा आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत. मी सांगितलं, बंदूक आहे, रस्त्याने लोक बघतील म्हणून झाकतेय.

"बघूंदेत. झाकून नेता तो चोर. परवानो तुझ्या नावाचो आसा मा?"

"आसा."

"मगे सोड ता लुगडा."

मी हलले नाही, तसे ते स्वतः चाचपडत आले, गाठी सोडल्या आणि लुगडं घडी करून बाजूला ठेवलं. बंदुकीचा पट्टा माझ्या खांद्यावर चढवला. नळी वर आहे की नाही ते हाताने चाचपून बघितलं. काडतुसं वेगळ्या पिशवीत ठेवायला लावली आणि परवाना पोलक्याच्या आत. मला मनातून रडू येत होतं. कोंडसरीपासून तालुक्यापर्यंतचा तांबडा रस्ता, दिवसाढवळ्या, सायकलीवर मी आणि पाठीवर उघडी एकनळी बंदूक. आधीच लोकांना माझ्यावर बोलायला विषय कमी नव्हते.

आमच्याकडे बंदूक म्हणजे काही डाकूंची वस्तू नव्हे. डोंगराला लागून ज्याचं शेत, त्याच्या घरात शेतीच्या राखणीची बंदूक असायचीच. रानडुकरं एकदा भातात शिरली की सकाळी तिथे फक्त चिखल शिल्लक असतो. आमचं वरचं शेत तर थेट रानाच्या तोंडाशी. बाबांचे डोळे गेल्यावर ते शेत राखणार कोण, हा प्रश्न होता. बाबांनी त्याचं उत्तर दिलं ते साऱ्या गावाच्या घशात अडकलं. त्यांनी बंदूक माझ्या नावावर करायचा अर्ज दिला. मी तेवीस वर्षांची, बिनलग्नाची. मला नेम धरायला त्यांनी लहानपणीच शिकवलं होतं, मुलगा नव्हता म्हणून नव्हे, मी मागे लागले होते म्हणून.

हरकत घेतली ती माझ्या सख्ख्या चुलत्याने, तातूकाकाने. तातू धुरी म्हणजे गावचा गावकर, देवळातला पहिला मान त्याचा, कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द त्याचा. त्याचं म्हणणं, उद्या ही लग्न करून जाईल आणि धुऱ्यांची बंदूक परक्या घरात जाईल, त्यापेक्षा ती माझ्या नावावर करा, वरचं शेतही मीच बघतो. वरचं शेत त्याच्या शेताला लागून होतं हे त्याने अर्जात लिहिलं नव्हतं. प्रांतसाहेबांनी मधला मार्ग काढला. परवाना मला दिला, पण तात्पुरता. काकाच्या हरकतीवर निकाल सुगी झाल्यावर होणार होता. तोपर्यंत माझ्याविरुद्ध पोलिसांकडून एक जरी वाईट अहवाल गेला, तर बंदूक सरकारजमा आणि बंदुकीमागून शेतही गेल्यातच जमा. तेव्हा मी त्या दिवसांत वहाणेचाही आवाज न करता चालत होते.

त्यातच निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका मतदान होईपर्यंत ठाण्यात जमा करायच्या असा हुकूम निघतो. भात पिवळं पडायला आणि हुकूम यायला नेमकी एकच गाठ पडली होती. डुकरांनाही बहुधा हे कळलेलं असावं.

आमच्या गावाची बंदुका जमा करायची एक रीत होती. ज्याची त्याची बंदूक परवान्यासकट काकाच्या खळ्यात आणून द्यायची. काका त्या सगळ्या सुंभाने लाकडांच्या मोळीसारख्या बांधायचा, वर कांबळं टाकायचा आणि गाडीत गवताखाली घालून तालुक्याला न्यायचा. बाकीचे आपापल्या कापणीला मोकळे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. ठाण्यातला जुना हवालदार आमच्याच बाजूचा, तो मोळी सोडून घ्यायचा, काकाला चहा पाजायचा आणि पावत्यांचा गठ्ठा हातात द्यायचा. यात काही चुकतंय असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आदल्या दिवशी काका आमच्या दारात आला होता. "शालन, तुझी बंदूक दी. सगळ्यांबरोबर नेतंय," म्हणाला. मी म्हटलं, नको, मी नेईन. कशाने नेशील म्हणाला, तर मी म्हटलं, सायकलने. तो इतका हसला की त्याला खोकला लागला. "बंदूक म्हणजे काय केरसुणी, खांद्यार मारली नि चलली?" असं म्हणून तो गेला. खरं सांगायचं तर माझी बंदूक त्याच्या हातात द्यायची मला भीती वाटत होती. एकदा त्याच्या मोळीत गेलेली बंदूक मोळीतून बाहेर कोणाच्या नावाने येईल याचा नेम नव्हता.

तर अशी मी निघाले. सायकल बाबांची, पुरुषी, मधे दांडा असलेली. लुगडं कासोटा घालून नेसलं होतं. पाठीवर तिरकी बंदूक अडकवून सायकल चालवायचा प्रसंग कोणावर आला असेल तर त्याला कळेल, प्रत्येक खड्ड्याला दस्ता कॅरिअरवर आपटतो आणि नळी वरच्या फांद्यांत अडकते. पहिल्या चढावर मी उतरले, दुसऱ्या चढावर माझ्या कानाला आंब्याच्या डहाळीचा फटका बसला. शेतातली माणसं कणसं हातात धरून उभी राहिली. शाळेची पोरं माझ्यामागून धावली. एका म्हातारीने बाबांच्या नावावरून मला ओळखलं, नुसती म्हणाली, "सगुणाचा चेडू मा ता?" आणि तोंडाला पदर लावला. मी मान खाली घालून पाय मारत राहिले. बाबांचा राग येत होता.

तीन रस्ते मिळतात त्या सावरीच्या तिठ्यावर निवडणुकीचा नाका बसवला होता. आडवा बांबू, एक बाकडं, आणि बाकड्यावर नवा हवालदार. चौगुले नावाचा, कोल्हापूरकडून बदलून आलेला. त्याला पंधरा दिवसही झाले नसतील. मला बघून तो बाकड्यावरून उठला तो उठलाच.

"ओ बाई, थांबा थांबा. पाठीला काय हाय?"

"बंदूक."

"ते दिसतंय की. खरी हाय?"

मी म्हटलं खरी आहे, जमा करायला ठाण्यात चाललेय. त्याने सायकलभोवती एक फेरी मारली. जणू गुन्हा सायकलीचाच होता.

"आणि अशी उघडी घेऊन सायकलवरनं? हे कायद्यात बसतंय व्हय?"

मला काय माहीत? कायद्याचा विचार मी केलाच नव्हता, मी फक्त बाबांचं ऐकलं होतं. मी गप्प राहिले आणि माझं गप्प राहणं त्याला कबुलीसारखं वाटलं. तो स्वतःशीच हिशेब करत बसला. मोटारीतून असती तर गोष्ट वेगळी म्हणाला. चालत असती तरी एक वेळ चाललं असतं. घोड्यावरून नेल्याचंही त्याने ऐकलेलं होतं. पण सायकल? सायकलवर बंदूक त्याने आख्ख्या नोकरीत बघितली नव्हती. शेवटी म्हणाला, निदान झाकून तरी आणायची.

"झाकली असती तर तुम्ही विचारलं नसतंत?" मी म्हटलं.

"झाकली असती तर दिसली नसती, मग इचारतोय कशाला?"

चहाच्या टपरीवरचे चार जण हसले. चौगुलेला ते आवडलं नाही. त्याने मला बाकड्यावर बसायला सांगितलं आणि फौजदारसाहेब फेरीवर आहेत, ते आले की काय तो अहवाल लिहू म्हणाला. अहवाल हा शब्द ऐकला आणि माझी पाचावर धारण बसली. एक अहवाल गेला की संपलं. वरचं शेत, बंदूक, बाबांनी आंधळ्या डोळ्यांनी प्रांताच्या कचेरीत घातलेले हेलपाटे, सगळं. मी बाकड्यावर बंदूक मांडीवर आडवी घेऊन बसले. जाणारा-येणारा प्रत्येक माणूस थांबून बघत होता. लुगड्यात गुंडाळली असती तर एव्हाना मी ठाण्यात असते, असं मनात येऊन मी बाबांना दहा शिव्या घातल्या.

तेवढ्यात गावाकडून टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी पांढरा सदरा घालून तातूकाका. त्याने मला लांबूनच बाकड्यावर बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. लग्नात वरमाईचा खुलतो तसा. टेम्पो थांबायच्या आत तो उतरला.

"सांगलेलंय मी," तो चौगुलेला म्हणाला. "बाईमाणसाच्या हातात बंदूक म्हणजे ह्या असा. साहेब, लिवा तुम्ही हिच्या नावान. मी सही करतंय. मी हिचो काको."

चौगुलेने विचारलं, तुम्ही कुठे चाललात.

"आमीव जमा करूकच. पण बघा आमी कसे नेतंव. शिस्तीत." आणि काकाने स्वतःच्या हाताने गवत बाजूला सारलं, कांबळं उचललं आणि मोळी दाखवली. नऊ बंदुका, सुंभाने घट्ट बांधलेल्या. कोणाला नुसत्या बघून कळलं नसतं इतक्या बेमालूम झाकलेल्या. काका छाती काढून उभा राहिला. शहाण्या मुलाने पाटी दाखवावी तसा.

चौगुलेने मोळीकडे बघितलं, काकाकडे बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. ते सापडलं फौजदारांना. त्यांची जीप त्याच वेळी वरच्या वळणावरून उतरली. मुळीक नावाचे फौजदार, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. चौगुलेने सलाम ठोकून आधी माझ्याविरुद्धची तक्रार सांगितली, कारण पहिली मी आले होते. सायकलवरून उघडी बंदूक, साहेब. कायद्यात बसतं का नाही?

फौजदारांनी माझा परवाना मागितला. बंदूक घेतली, नळी सांध्यावर उघडून आरपार बघितलं, रिकामी. नंबर जुळवला. काडतुसं कुठे विचारलं, मी पिशवी दाखवली. काका बाजूला उभा राहून मान डोलावत होता.

"चौगुले," फौजदार म्हणाले, "हिची बंदूक, हिचा परवाना. बंदूक रिकामी. सगळ्यांना दिसेल अशी. आणि चालली कुठे, तर आपल्याच ठाण्यात, आपल्याच हुकमाने. अशी न्यायची नाही तर कशी न्यायची? टपालाने?"

"पण सायकल, साहेब..."

"मी बघतो ते बंदूक कोणाच्या हातात आहे. खाली सायकल आहे की बैल, ते बघत नाही."

मी बंदूक परत खांद्याला लावली. पण फौजदारांची नजर तोवर टेम्पोवर गेली होती. ते मोळीपाशी गेले. सुंभाची गाठ बोटाने ओढून बघितली.

"ह्या कोणाच्या?"

"गावच्यो," काका म्हणाला.

"गावाच्या नावाने परवाना नसतो. मालक कुठे आहेत?"

काका म्हणाला, भात कापतायत. परवाने आहेत म्हणाला आणि पिशवी पुढे केली. फौजदारांनी विचारलं, यातली तुमची कुठली. काकाने एक दाखवली.

"म्हणजे उरलेल्या आठ बंदुका तुम्ही तुमच्या नावाच्या परवान्याशिवाय, गवताखाली लपवून, निवडणुकीच्या दिवसांत नेताय. असंच ना?"

फौजदारांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त वाईट वाटलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, अशी काकाची गत झाली. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि मैलाच्या दगडावर बसला. आम्ही कायम असंच करतो, एवढंच तो पुटपुटला. फौजदार म्हणाले, कायम करत असाल तर कायमचाच गुन्हा केलाय. टेम्पो जागेवर ठेवा, मोळीला हात लावू नका, पंचनामा करायचा. आठही मालकांवर केस होईल, बंदुका दुसऱ्याच्या हाती सोडल्या म्हणून. नऊही परवाने रद्द होतील.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही जाऊ शकता.

मी सायकल घेतली. माझं काम झालं होतं. ठाणं समोर अर्ध्या तासावर होतं. हरकत घेणारा माणूसच गुन्ह्यात सापडला होता, आता त्याच्या हरकतीला कोण विचारणार? मी नुसतं पायडल मारायचं होतं. आजही खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. एकदा मनासारखा आनंद करून घेतला आणि मग डोकं चालू लागलं. आठ मालक म्हणजे कोण? धोंडू पालव, ज्याने बाबांना पाठीवर घालून डॉक्टरकडे नेलं होतं. गुणो गवस, ज्याची बायको मला दर संक्रांतीला बोलावते. त्या सगळ्यांची शेतं आमच्या शेताच्या खाली उतरत गेलेली. त्यांच्या बंदुका गेल्या तर डुकरांना डोंगरापासून नदीपर्यंत मोकळं रान, आणि एकटी माझी बंदूक काय थांबवणार? शिवाय आणखी एक गोष्ट होती. काका दगडावर बसला होता आणि त्याला गावातलं कोणी बघत नव्हतं. मला ते पुरेसं वाटत नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "मालक स्वतः इथे आले, ज्याची त्याने ओळखून घेतली, आणि आपापल्या खांद्यावरून ठाण्यात नेली, तर?"

फौजदार माझ्याकडे बघत राहिले. मग घड्याळाकडे, मग मावळतीकडे.

"दिवस मावळायच्या आत आले, आणि एकूण एक परवाना जुळला, तर मी समजेन की मालक चहाला गेले होते. एक जरी कमी पडला तरी सगळ्यांवर केस." मग म्हणाले, "आणि तुमची बंदूक तुमच्याच खांद्यावर. इथे ठेवायची नाही. ज्याचा परवाना त्याच्या हातात."

मी सायकल उलटी वळवली. काकाने वर बघितलं. मी गावाकडे का चाललेय ते त्याला कळलं नाही, किंवा कळलं असेल आणि ते आणखी वाईट वाटलं असेल.

उतार होता म्हणून बरं. सकाळी चढताना ज्या फांद्या टोचल्या त्याच आता भराभर मागे पडत होत्या. मी मान वर करून चालले होते, कारण मान खाली घालायला वेळच नव्हता. बांधावरून ओरडत गेले. धोंडू पालव विळा हातात धरून म्हणाला, तातूने सगळं बघितलंय, आम्ही कशाला यायचं? मी सांगितलं, तातूकाका तिठ्यावर दगडावर बसलाय. त्याने विळा टाकला. गुणो गवसाला वाटलं मी थट्टा करतेय. मी त्याला खांद्यावरची बंदूक दाखवली आणि म्हटलं, माझी माझ्याकडे आहे, तुझी कुठे आहे सांग. तो चिखलाच्या पायांनी तसाच निघाला. एकाच्या घरी सायकल नव्हती, त्याने शाळेच्या गुरुजींची आणली. दोघे एकाच सायकलवर बसले. एकाला ताप होता, त्याची बायको त्याला ढकलतच घेऊन आली आणि म्हणाली, ह्याला न्या, बंदूक गेली तर ह्याला तरी घरात ठेवून काय करू.

तिठ्यावर पोचलो तेव्हा उन्हं झाडांच्या शेंड्यांवर होती. काकाची सोडून आठच बंदुका मालकांनी ओळखायच्या होत्या, तरी ते सोपं नव्हतं. मोळीत बांधून सगळ्या सारख्याच दिसत होत्या. फौजदार एकेक नंबर वाचत आणि चौगुले एकेकाच्या खांद्यावर पट्टा चढवी. धोंडूची दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली, ती त्याने नंबर वाचायच्या आधीच ओढली. एकही परवाना कमी पडला नाही. शेवटी उरला काका आणि त्याची बंदूक.

"तुम्हीही सायकलवरूनच," फौजदार म्हणाले. "बंदुका जमा होईपर्यंत टेम्पो इथेच राहील."

काकाला सायकल येत नव्हती. गावकराला कधी गरजच पडली नव्हती. त्याने आजूबाजूला बघितलं. सगळी कॅरिअर भरलेली होती. कोणावर माणूस, कोणावर काडतुसांची पिशवी. सगळ्यांनी उगाच आपापल्या सायकलींच्या साखळ्या तपासायला घेतल्या. एकच कॅरिअर रिकामं होतं. मी सायकल त्याच्यापुढे नेऊन उभी केली.

"बसा, काका."

तो उभाच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "वायच कांबळां तरी घेव दी. वर घालतंय."

"कांबळां नको. खांद्यार घेवा. नळी वर."

तो बसला. बाया बसतात तसा, एका बाजूला पाय सोडून, कारण धोतरात दुसरा मार्ग नव्हता. सायकल डुलली, मी हँडल सावरलं आणि आम्ही निघालो. पुढे मी, मागे काका, त्याच्यामागे सगळं गाव एका रांगेत, प्रत्येकाच्या पाठीवर उघडी बंदूक, आणि सगळ्यात शेवटी चौगुले हवालदार आपल्या सरकारी सायकलवर. चढ आला तेव्हा काका म्हणाला, उतरू काय? मी म्हटलं बसा. मी उतरू दिलं नाही. पाय फुटले असते तरी उतरू दिलं नसतं.

तालुक्याच्या बाजारात शिरलो तेव्हा प्रचाराची जीप कर्णा लावून समोरून येत होती. तिचा कर्णा बंद झाला आणि तिने बाजूला होऊन आम्हाला वाट दिली. दुकानदार फळ्या लावायचे थांबले. मासेवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एका माणसाने मला ओरडून विचारलं, ही कुठल्या पक्षाची फेरी? माझ्या तोंडून निघून गेलं, "डुकरांच्या विरोधातली," आणि अख्खा बाजार हसला. मागून धोंडू हसला, गुणो हसला, तापाचा माणूस हसला. कॅरिअरवर कोणी हसलं का ते मला दिसत नव्हतं. मला मात्र हसता हसता रडू येत होतं, आणि सकाळचं रडू आणि हे रडू एकाच डोळ्यांतलं आहे यावर माझा विश्वास बसत नव्हता.

ठाण्यात एकेकाची बंदूक घेतली, एकेकाला पावती दिली. पहिली माझी घेतली. सगळं आटोपल्यावर फौजदारांनी लेखणी खाली ठेवली.

"शालन धुरी, तुमच्या परवान्यावर कोणाची तरी हरकत आहे ना? मला अहवाल पाठवायचाय. हरकत घेणारा कोण?"

खोलीत सगळं गाव उभं होतं. सगळे काकाकडे बघू लागले. नाव मीही सांगू शकले असते. पण मला ते काकाच्या तोंडून ऐकायचं होतं.

काकाने पावतीची घडी केली, परत उलगडली.

"माझी," तो म्हणाला. "होती. आता नाय."

फौजदारांनी तेवढंच लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली.

परतताना अंधार पडला होता. फौजदारांनी टेम्पो सोडला होता, तिठ्यावर सायकली वर चढवल्या आणि सगळे टेम्पोतून आले. मी सायकलवरूनच आले. पाठ हलकी लागत होती, सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. बाबा ओसरीवर बसले होते, सकाळी होते त्याच जागी. शेजारी लुगड्याची घडी तशीच होती. माझ्या आधी टेम्पो येऊन गेला होता, पण त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं की त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं, कोण जाणे.

मी सगळं सांगितलं. नाका, बाकडं, काका, मोळी, सगळं. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, उघडी नेलेली चालते हे तुम्हाला ठाऊक होतं, तर मला सकाळी सांगितलं का नाहीत? मी दिवसभर जीव मुठीत धरून होते.

"कायदो माका काय ठावक?" बाबा म्हणाले. "माका इतक्याच म्हायत. प्रांतान कागदार परवानो दिलो, गावान खय दिलो हुतो? लुगड्यात बांधून न्हेली असतंस तर गावान आनी दहा वर्सां दिलो नसतो."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी हात पुढे करून माझा खांदा शोधला. पट्ट्याने जिथे काचलं होतं तिथे नेमका अंगठा ठेवला.

"मगे? कोणी कोणी बघल्यानी?"

"सगळ्यांनी, बाबा," मी म्हटलं. "सगळ्यांनी."